एका घरच्या चार पावत्या

आमच्या ऑफिसात स्वित्झर्लंडहून टपाल यायचं. ऑफिस म्हणजे लातुरात मोंढ्याच्या मागच्या गल्लीत एका आडत दुकानाच्या माडीवर भाड्यानं घेतलेल्या खोल्या. खाली करडईची पोती उतरायला लागली की वर आम्ही शिंकत बसायचो. काम सहकारी बँका आणि पतसंस्था तपासण्याचं. त्या जिन्यावरून पोस्टमन धापा टाकत यायचा आणि खाकी कागदातलं जाडजूड पुडकं साहेबांच्या टेबलावर आदळायचा. कधी स्वित्झर्लंडचं, कधी कॅनडाचं, कधी जपानचं. आमच्या शिपायाची खात्री होती की साहेबांचा मुलगा बाहेरदेशी शिकायला आहे. मुलगा कुठला, साहेबांना मूलबाळच नव्हतं.

साहेब त्या त्या देशाच्या सरकारी बँकेला स्वतःच्या खर्चानं पत्र टाकायचे. इंग्रजी यथातथाच. "मी एक लहान तपासणी अधिकारी आहे, आपल्या देशात बँका कशा सांभाळता ते वाचायची इच्छा आहे, वार्षिक अहवाल पाठवावा." आणि ते लोक पाठवायचे. मला अजून याचं नवल वाटतं. आमचं स्वतःचं जिल्ह्याचं ऑफिस साधं रजेच्या अर्जाचं उत्तर देत नव्हतं.

मी मूळची अर्धापूरची. वडील याच खात्यात होते, नोकरीत असतानाच गेले, आणि त्यांच्या जागी मला घेतलं. पहिल्या दिवशी आईला सोबत घेऊन हजर झाले. साहेबांनी माझं शिक्षण विचारलं नाही, गाव विचारलं नाही. कपाळावरची विभूती घामानं ओघळत होती, ती पुसत म्हणाले, "वडलांचे पैसे आले का? किती नावांवर ठिवले?"

आई म्हणाली, "माझ्याच नावावर. दुसऱ्या कुणाच्या ठिवणार?"

"निम्मे पोरीच्या नावावर करा."

आईला इतका राग आला की जिना उतरताना ती म्हणाली, "ह्या माणसाच्या हाताखाली तू नोकरी करायची न्हाई." नोकरी केली, काय करणार. घरी भाऊ शिकायचा होता.

साहेबांचं हे एकच टुमणं होतं, आणि ते त्यांनी आयुष्यभर लावलं. बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो. पण तो माणशी असतो, एका ठरावीक रकमेपर्यंतच. घरातला सगळा पैसा एकाच्या नावावर असला तर त्या एकाला मिळेल तेवढंच, बाकीचं गेलं. तोच पैसा घरातल्या चौघांच्या नावांवर असला तर चौघांनाही मिळतं. इतकी सोपी गोष्ट. पण आमच्याकडं ती कुणाला पटायची नाही. आमच्याकडं पैसा थोरल्याच्या नावावर असतो. आजोबा, नाहीतर मोठा भाऊ, नाहीतर घर चालवणारी थोरली सून. वेगळी नावं करा म्हटलं की माणसाला वाटणीच दिसते. साहेब लग्नात जेवायला बसले की शेजारचा माणूस पान उचलून दुसऱ्या पंगतीला जायचा. नवरदेवाच्या बापाला आहेर देतानाच विचारायचे, "ठेवी किती नावांवर हायत?" एका उदगीरच्या व्यापाऱ्यानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, तुमी माझ्या घरात भिंत घालायला आलाव का जेवायला?"

यावर साहेब चिडायचे नाहीत. "ब्याडा तर ब्याडा," म्हणायचे. ते देवणीचे, बोलण्यात कानडी मिसळायची. नको तर नको. आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला परत विचारायचे.

परदेशातल्या बँकांबद्दल ते शेजारच्या गावातल्या भानगडी सांगाव्यात तसं बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की, "स्वीडनवाल्यांनी काय केलं ठावं हाय का?" आम्हाला काय ठावं असणार. स्वीडनमधल्या बँकांनी घरांवर आणि इमारतींवर भरमसाठ कर्जं दिली, भाव पडले, बँका गाळात गेल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं उभं राहून सांगितलं की ठेवीदारांनी घाबरू नये, आम्ही आहोत. हे सांगताना साहेबांचा आवाज जड व्हायचा. भाकरीचा तुकडा हातात तसाच. आमचा एक सहकारी म्हणायचा, यांच्या घरचं कुणी स्वीडनला दिलंय बहुतेक.

अमेरिकेचं त्यांना वेगळंच कौतुक. "तिकडं बँकेच्या दारावर पाटी असती, इथल्या ठेवीला इमा हाय म्हणून. आपल्याकडं दारावर काय असतं? चेअरमनचा फोटो." कॅनडा त्यांना शहाण्या घरातल्या सुनेसारखा वाटायचा, कमी बोलणारा आणि बँका न बुडवणारा. आणि इंग्रजांवर ते खूष होते ते एका वेगळ्याच कारणानं. तिकडं कुठल्याशा बेटावरच्या नगरपालिकेनं आपला होता नव्हता तो पैसा एकाच बँकेत ठेवला आणि ती बँक एका दिवसात बंद झाली. "इंग्रज बी आपल्यासारखेच येडे हायत बघा," असं म्हणून ते मनापासून हसायचे. इतकं हसताना मी त्यांना दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

तपासणीची त्यांची पद्धतही सरळ नव्हती. बँकेत गेले की हिशेबाला आम्हाला बसवायचे आणि स्वतः समोरच्या हॉटेलात चहा घेत बसायचे, नाहीतर न्हाव्याच्या दुकानात. तिथून बँकेचं दार दिसलं पाहिजे, एवढीच अट. कोण येतं, कोणाला पाहून मॅनेजर खुर्चीतून उठतो, ते बघायचे. म्हणायचे, "ठेवीदार आला तर मॅनेजर बसलेला असतो. कर्जदार आला आन मॅनेजर उठून उभा राहिला, की माझं अर्धं काम झालं." आम्हाला वाटायचं, साहेब कामचुकार आहेत. पण संध्याकाळी आमचे आकडे आणि त्यांचा चहा एकाच जागी येऊन पोचायचे.

तो काळ क्लासेसचा. लातूरचा निकाल चांगला लागतो म्हणून सगळ्या मराठवाड्यातून पोरं यायला लागली होती. नांदेडकडची, हिमायतनगरकडची, पार सीमेवरची. गोदामं रिकामी करून तिथं बाकडी टाकली. ज्याच्या घराला माडी त्यानं वर खोल्या काढल्या, मेस सुरू केल्या. भौतिकशास्त्राच्या एका मास्तरला गल्लीत चेअरमनपेक्षा जास्त मान होता. ज्या बँकेची ही गोष्ट आहे, तिनं सगळी कर्जं ह्याच धंद्यात घातली होती. क्लासला कर्ज, होस्टेलला कर्ज, होस्टेलवरच्या होस्टेलला कर्ज. आणि त्यातले बरेचसे क्लास चेअरमनच्या मेव्हण्याचे. एकच इमारत चार ठिकाणी तारण. एक होस्टेल तर अजून बांधलेलंच नव्हतं, तिथं म्हशी बांधलेल्या होत्या. साहेब त्या जागेवर उभं राहून म्हणाले, "सगळ्या पोरांनी डाक्टरच व्हायचं ठरिवलं तर आजारी कोण पडणार?" मग मला म्हणाले, "लिवा, म्हशींची तपासणी केली."

मी लिहिलं नाही. पण त्या संध्याकाळी जीपमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत, हे माझ्या लक्षात राहिलं. कारण त्याच दिवशी ठेवींच्या यादीवरून मला कळलं होतं. त्यांच्या बहिणीच्या घरचा सगळा पैसा त्याच बँकेत होता.

बहीण धाकटी, औशाच्या पुढं भूकंपाच्या पट्ट्यात दिलेली. भूकंपात त्यांचं मातीच्या धाब्याचं माळवद बसलं. नवरा गेला, सासू गेली. तिची दोन लेकरं राहिली आणि तीन दीर, त्यांच्या बायका, त्यांची पोरं. सरकारकडून माणसांमागं, घरामागं पैसे आले. तेव्हा तिन्ही दीर पत्र्याच्या शेडमध्ये तिच्यासमोर बसले आणि थोरला दीर म्हणाला, "वहिनी, आता आई न्हाई. तूच आई. सगळे पैसे तुझ्या नावानं ठिवू." कुणाच्या मरणाचे किती, कुणाच्या भिंतीचे किती, असा हिशेब त्यांनी केलाच नाही. सगळं एकत्र करून वहिनीच्या नावानं मुदत ठेवीची एकच पावती केली. चेअरमनची गाडी वस्तीवर फिरतच होती, व्याज जास्त देतो म्हणून. त्या घरात तेवढी एक गोष्ट पडली नव्हती, दिरांचा वहिनीवरचा जीव. साहेबांनीच हे मला सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना अभिमान वाटायचा. नावं वेगळी करा असं तिथं तेवढं ते कधी बोलले नव्हते.

आता तपासणीत बँक पोकळ निघाली होती. आमचा अहवाल वर जाणार, वरून निर्बंध येणार, ठेवी अडकणार, पुढं परवानाही जाणार. हे सगळं गुप्त. अहवालातलं बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम.

मी न राहवून म्हटलं, "साहेब, ताईंना सांगून टाका की. पैसे काढून घेतील."

"न्हाई."

"कुणाला कळणार आहे?"

"तिला सांगितलं की तिचे दीर काढणार. दिरांनी काढले की वस्ती काढणार. वस्तीनं काढले की सारं लातूर दारात. मग पुढं उभा राहील त्याला मिळतंय आन मागच्या म्हातारीला काईच न्हाई. आन समजा कुणालाच कळलं न्हाई, तरी काय? माझी बहीण वाचली आन दुसऱ्याची बुडाली. ह्याला काय म्हणायचं, तुमीच सांगा."

मी मनात म्हटलं, असला कसला भाऊ.

दोन-तीन दिवस ते टेबलाशी तसेच बसून. मग एका दुपारी म्हणाले, "चला, औशाकडं एका पतसंस्थेचं काम हाय." काम होतं, पण ते चार दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं. वाटेत जीप वस्तीकडं वळवली.

शेडमध्ये पत्रा तापलेला. बहिणीनं घाईनं घोंगडी टाकली, मला पाणी दिलं, जावांना भाकरी टाकायला सांगितलं. तिन्ही दीर आले. मधला दीर गमत्या होता, साहेबांना "काय पाव्हणं, जपानचं काय म्हणतंय?" असं म्हणत मांडी घालून बसला. साहेबांनी सरळ विषय काढला. पावती मोडा, चौघांच्या नावांवर चार करा, घरात पैसा असला की नावं वेगळी असावीत. विमा समजावून सांगितला. सगळ्यांना सांगायचे तसाच, एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

मधला दीर हसला. "पाव्हणं, चार नावं म्हंजी चार चुली. आमची एकच हाय, ती बरी जळायलीय."

थोरला म्हणाला, "बँकेचं काय वाईट हाय का? तसं असंल तर सांगा."

शेडमध्ये सगळे साहेबांकडं बघायला लागले. मी पण. मला वाटलं, आता सांगतील. साहेब म्हणाले, "मी कोणत्याच बँकेचं चांगलं सांगत न्हाई आन वाईट सांगत न्हाई."

"मग राहू द्या की एकच पावती."

साहेब मग मान वर न करता म्हणाले, "तसं असंल तर माझ्या बहिणीचा हिस्सा येगळा काढून द्या. तिला दोन लेकरं हायत. उद्या तुमी बघितलं न्हाई तर?"

चुलीपुढच्या बाईचा हात भाकरीवर तसाच राहिला. बहीण म्हणाली, "दादा, काय बोलायलास तू?"

"बोलतो ते बराबर बोलतो."

थोरला दीर साहेबांकडं बघतच नव्हता. वहिनीकडं बघत होता. "वहिनी, हे तुमचं म्हणणं हाय का?" आत्तापर्यंत तो तिला तू म्हणत होता.

"न्हाई. माझ्या लेकरांची शप्पत हाय, न्हाई."

पण भाऊ उगीच कशाला बोलेल? बहिणीनं मनातलं सांगितल्याशिवाय कुणाचा भाऊ असा हिस्सा मागतो? त्या तिघांच्या चेहऱ्यावर हे स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि त्यांच्या जागी मी असते तरी हेच समजले असते. भाकरी झाली होती. कुणी जेवा म्हटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा बहीण जीपपर्यंत आली, तिनं भावाच्या बाहीला धरलं आणि म्हणाली, "परत आत चल. त्यास्नी सांग, ही बोलली न्हाई म्हणून." साहेबांनी हात सोडवून घेतला. मला त्या घटकेला त्यांची चीड आली होती, आणि ती बराच काळ गेली नाही.

त्याच आठवड्यात दिरांनी पावती मोडली. रागानं मोडली, त्यामुळं पै न पै मोजून वाटली. चेअरमननं हात जोडले, पैसे बाहेर नेऊ नका, तेच व्याज देतो, म्हणून त्याच बँकेत चार नावांनी चार पावत्या झाल्या. साहेबांना पाहिजे होतं तसंच. थोड्याच दिवसांत निर्बंध आले. बँकेच्या दारात माणसं उन्हात बसून राहायची. बायका चेअरमनच्या फोटोला हात जोडायच्या, पुढं पुढं दगड मारायच्या. मग परवाना गेला, बँक गुंडाळायला अवसायक बसला, आणि बऱ्याच खेट्यांनंतर विम्याचे पैसे आले. वस्तीवर एका नावावर मोठी ठेव असणाऱ्यांना तुकडा मिळाला. ह्या घरच्या चारही पावत्या पुऱ्या सुटल्या.

आणि कुणीतरी निनावी अर्ज केला. तपासणी अधिकाऱ्यानं स्वतःच्या बहिणीला आतली बातमी दिली, निर्बंधांच्या तोंडावर पावत्या फोडून घेतल्या, सबब चौकशी व्हावी. दिसायला तसंच दिसत होतं. औरंगाबादहून चौकशी अधिकारी आले. गुन्हा शाबीत झाला असता तर साहेबांची नोकरी गेली असती, आणि निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता.

साहेबांनी बचाव एकच दिला. "मी हे सगळ्यांनाच सांगतो. कुणालाबी विचारा."

चौकशी अधिकाऱ्यांनी खरोखरच विचारलं. जबाब लिहायला मी. आमच्या गल्लीतला न्हावी पुढं आला, तीन पिढ्यांपासून तिथंच दुकान. "हौ साब, हर हजामत में येइच बोलते. मैं आधी दाढी छोड के भागूं क्या? बीवी के नाम पे रखो, बेटे के नाम पे रखो. मेरे पास रखने कू है क्या, पूछे भी नहीं." पोस्टमननं सांगितलं, पुडक्यावर सही घेताना दर वेळी ऐकून घ्यावं लागतं. उदगीरचा तो व्यापारी मुद्दाम आला आणि साहेबांना अजून शिव्या देत त्यांच्याच बाजूनं जबाब देऊन गेला. अधिकाऱ्यांना हसू आवरत नव्हतं. ज्या टुमण्याला सगळं गाव वैतागलं होतं, तेच त्यांना वाचवायला निघालं होतं. आम्हीही निर्धास्त झालो.

शेवटी बहिणीला बोलावलं. एसटीनं एकटीच आली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. साहेब भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. ती त्यांच्या समोरून गेली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

अधिकारी म्हणाले, "बाई, घाबरू नका. बँक बुडणार आहे, असं तुमच्या भावानं तुम्हाला कधी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"काही सुचवलं? खूण केली?"

"न्हाई. एक शबुद न्हाई." मग ती थांबली. मला वाटलं जबाब संपला, मी रेघ मारायला घेतली. ती माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर बरं झालं असतं, साहेब. आमी सगळ्यांनी मिळून काढले असते. न्हाईतर सगळे मिळून बुडालो असतो, तरी एका चुलीवर राहिलो असतो. भूकंपात बी आमी एकमेकाला हातानं उकरून काढलं होतं. आता दीर माझ्या दारावरून जातेत, आत येत न्हाईत. पैसे मिळाले. सगळ्यांचे मिळाले. मला अजून बी हिस्सा मागणारी म्हणतेत, आन मी मागितलाच न्हाई."

अधिकाऱ्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "लिहून घ्या," मला म्हणाले. मी लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिनं सही केली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.

अधिकाऱ्यांनी कागद आवरले आणि उठून साहेबांचा हात हातात घेतला. म्हणाले, "अभिनंदन. बहिणीचा जबाब सगळ्यांत भक्कम आहे. तुम्ही सुटलात."

साहेब जिन्याकडं बघत होते. "ती माझ्या बाजूनंच बोलली न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो की. पूर्णपणे."

"मग जाताना माझ्याकडं का बघितली न्हाई?"

अधिकारी माझ्याकडं बघायला लागले. मी जबाबाखाली तारीख टाकायची राहिली होती, ती टाकली.